तांडेलाचा कान

तांडेल आमच्या कुवेतमधल्या अहमदीच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आला तेव्हा मला नमस्कार करायच्या आधी त्याने माझ्या फ्रीजला कान लावला. चपला दाराशी काढल्या, सरळ स्वयंपाकघरात शिरला, दोन्ही तळवे फ्रीजच्या अंगावर टेकले आणि डोळे मिटून उभा राहिला. माझी सून तोंडात बोट घालून बघत होती. मग तो वळून म्हणाला, "वैनी, ह्येचा पोट बिघडला हा. म्हयनोभर चलतलो, फुडे नाय." फ्रीज महिन्याच्या आत बंद पडला. सून म्हणाली, योगायोग. त्या कानाची मला जुनी माहिती होती.

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. आमच्या मासेमार गाबितांच्या वाडीत तांडेल पुष्कळ होते, पण नुसतं तांडेल म्हटलं की हाच. त्याचं खरं नाव इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कार्डावर असेल तेवढंच. कामगारांच्या कॅम्पमधले बिहारी आणि मल्याळीसुद्धा त्याला तंडेलभाई म्हणत. त्याच्या बापाने त्याला लहानपणीच वल्ह्यातून ऐकायला शिकवलं होतं. घोळ मासा पाण्याखाली घुमतो. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचं आणि दांड्याचं टोक कानाला लावायचं, की ते घुमणं लाकडातून वर येतं. मी एकदा लावून पाहिलं होतं. मला माझंच डोकं वाजताना ऐकू आलं. त्याला मात्र मासा किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला चाललाय तेही कळायचं. मग तो बोलायचा नाही, नुसता हात करायचा, आणि चारी वल्ही त्या हाताकडे वळायची.

माझा नवरा त्याच्या होडीवर होता. एकदा स्वच्छ उन्हात, जाळी अर्धी सोडलेली असताना तांडेलाने वल्ह्यावरून कान काढला आणि म्हणाला, मागे फिरा. कशाला म्हणून एकाने विचारलं. "तळ घुमता हा," एवढंच म्हणाला. जाळं कापून टाकून आले. बंदरावरची माणसं हसली. संध्याकाळी जे वादळ आलं त्यात शेजारच्या वाडीच्या दोन होड्या परत आल्या नाहीत. माझा नवरा त्यानंतर वीस वर्षं जगला, मला भरपूर त्रास दिला आणि आपल्या अंथरुणात मेला. होडीत तांडेलाच्या शब्दावर शब्द टाकायचा नसतो, हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. मीही शिकले होते. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. पुढे डोक्यावर टोपली घेऊन मासे विकले. मासे विकणाऱ्या बाईचं तोंड मोठं लागतं, माझं जरा जास्तच मोठं. पोटात काही राहत नाही. तांडेल चारचौघांत म्हणायचा, "वाडीत दवंडी पिटूची असली तर ढोल कित्या व्हयो? वैनीक सांगा, आणि वर म्हणा, कोणाक सांगू नको." सगळे हसायचे. मीही हसायचे. खोटं थोडंच होतं?

मुलगा बाबू इथे तेलाच्या कामावर इन्स्पेक्टर लागला, त्याला मुलगी झाली, आणि मी तिला सांभाळायला आले ती राहूनच गेले. नात आता माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि मी तिला मालवणीत शिव्या घालते, आमचं बरं चालतं. ती शाळेत जायला लागली तेव्हा मी कॅम्पमधल्या आपल्याकडच्या माणसांना जेवणाचे डबे करू लागले. एकटे राहणारे पुरुष, कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी रंगारी. नऊ डबे. त्यातला नववा तांडेलाचा.

तो इथे का आला ते आमच्या किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. समुद्रात मोठ्या जाळ्यांच्या बोटी आल्या. मग रात्रीचा दिवस करणारे दिवे लावून मासे ओढून नेणारे आले. तांडेल म्हणायचा, "आता वल्ह्याक कान लावलो तर मासो नाय, नुसती इंजिनां आयकूक येतत." त्याचे पुतणे पर्यटकांना बोटीत घालून डॉल्फिन दाखवायला नेऊ लागले. त्यांनी त्यालाही बोलावलं. तो एक दिवस गेला आणि परत येऊन म्हणाला, "मासो दाखवूक पैसे घेतत, धरूक नाय. माझ्यान व्हवचा नाय." पुतण्यांनी घरावर खोल्या चढवल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोट कुणाला चुकलंय?

त्याचा जीव रापणीत होता. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. रापण म्हणजे लांबलचक जाळं. होडीने समुद्रात अर्धं वर्तुळ करून सोडायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने ओढायच्या. दोरीला ज्याचा हात, त्याला मासळीत वाटा. आमच्या वाडीची रापण शेवटची उरली होती. हात कमी पडत होते, जाळं विरत चाललं होतं. तांडेल दर महिन्याला जाळ्यासाठी इथून पाठवायचा, म्हणून ती पाण्यात जात होती. ज्या महिन्यात त्याचे पैसे बंद, त्या महिन्यात रापण बंद, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो म्हणायचा, "वाटो ऱ्हवलो तर माणूस ऱ्हवता."

मीना अब्दुल्ला नावाच्या गावाजवळ तेलाचा कारखाना आहे, तिथे तो कामाला होता. तिथल्या यंत्रांचा आवाज असा, की मुलगा घरी येऊन तासभर ओरडूनच बोलतो. कामावर कानात घालायला रबराची बोंडं देतात. सगळे घालायचे, तांडेल नाही. सेफ्टीवाला आला की खोचायचा, तो वळला की काढून खिशात. मी एकदा त्याला झापलं. तर म्हणाला, "कान बंद करून मी कसलो तांडेल गो?" त्याला वाटायचं, ऐकत राहिलं तर कान तयार राहतो. समुद्रावर ते खरं होतं. इथे त्याच सवयीने त्याचा घात केला. ही चूक आमच्याच माणसाने करावी. दुसऱ्या कुणाला आपल्या कानाचा एवढा अभिमान असतो?

वय झालं, शिड्या चढवेनात, तेव्हा त्याला बसायचं काम दिलं. होल वॉच म्हणतात. तेलाच्या रिकाम्या टाकीत माणसं आत उतरून गाळ काढतात, जोडकाम करतात. सकाळी यंत्राने आतली हवा तपासतात, पण गाळ ढवळला की दिवसात केव्हाही वायू सुटू शकतो. वास येईपर्यंत माणूस पडलेला असतो. म्हणून टाकीच्या तोंडाशी एक माणूस बसतो. तो आतल्यांना हाक मारतो, आतले ओ देतात. ओ आली नाही की त्याने शिट्टी मारायची. बस, एवढंच काम. सगळे म्हणाले, तांडेलासारखा माणूस नाही. डोळ्यांची पापणी हलवत नाही, मोबाईलला हात लावत नाही. माझ्या डब्यांतले पाचजण त्या टाक्यांत उतरायचे. तेही म्हणायचे, "मावशी, बाहेर तांडेल असला की बरं वाटतं."

मला त्या टाक्यांची आधीपासूनच भीती होती. संध्याकाळी डबे परत आले की मी मोजायचे. बंदरावर होड्या मोजायच्या तसं. नऊ झाले की माझा दिवस संपला.

मागच्या वर्षी उन्हाळा संपता संपता एका शुक्रवारी तांडेल आला. मी नव्या फ्रीजच्या मागची धूळ काढत होते. फ्रीज बंद होता, प्लग काढून वायर गुंडाळून फ्रीजच्या डोक्यावर ठेवली होती. तो सवयीप्रमाणे आत आला, तळवे टेकले, कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "बरो असा. मांजरासारखो घुरता."

माझ्या हातातला झाडू खाली पडला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. झाडू फरशीवर आपटल्याचा आवाज त्याला गेला नव्हता.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसला. स्वयंपाकघराच्या फरशीवरच. मग सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली होती. उजवा कान पहिला गेला, मग डावा. माणसांच्या ओठांवरून तो समजून घ्यायचा. कानांच्या तपासणीला काचेपलीकडची बाई बटण दाबताना तिचा खांदा किंचित हलतो, तो हलला की हा बोट वर करायचा. "आणि टाकीवर?" मी विचारलं. त्याने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. पहिल्या पेरावर काळानिळा वळ होता, कातडीत रुतलेला.

गळाची दोरी. आमच्याकडे गळ टाकून बसलेला माणूस दोरी बोटाला गुंडाळतो, मासा लागला की बोटाला कळतं. तांडेल तीच नायलॉनची दोरी आत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला बांधायचा. त्यांना म्हणायचा, माझी जुनी सवय आहे, चालू दे. आतला हलत राहिला की बोट हलतं. "बोट हलता तोपर्यंत माणूस जितो," म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, आठ दिवसांपूर्वी दुपारी दोरी गप्प झाली. ओढली तर ताठ. शिट्टी तोंडात धरली, पण फुंकायला श्वासच येईना. मनाई असूनही डोकं आत घातलं. आत उतरलेले दोघेही बसून हसत होते. दोरी लोखंडी पाइपात अडकली होती. हे सांगताना त्याने ते बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरलं.

उठताना म्हणाला, "वैनी, कोणाक सांगू नको."

आणि मी सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

का नाही सांगितलं, ते स्वतःला पुष्कळदा विचारलंय. सांगितलं तर त्याचं काम जाणार, वाडीची रापण वाळूत पडणार. त्याच्या एका शब्दावर माझा नवरा जिवंत घरी आला होता, आणि त्याच्याविरुद्ध मी शब्द काढायचा? ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्याखाली नुसती भीती होती. माझ्या तोंडून गेलेल्या शब्दाने कुणाचं घर बुडेल ही एक भीती, आणि नाही गेला तर कोण मरेल ही दुसरी. दोन्हींच्या मधे मी भात शिजवत होते.

तीन आठवडे गेले. दुपारी कारखान्याच्या बाजूने सायरन वाजला की माझा हात जिथे असेल तिथे थांबायचा. कधी ती नुसती चाचणी असायची. धुळीने आकाश पिवळं झालं की वाटायचं, आज त्याला आतल्यांचे ओठही दिसणार नाहीत. लिफ्टचा आवाज आला की मी दाराशी. एका संध्याकाळी आठच डबे आले. रंगाऱ्याचा नव्हता. मी फोन लावला, लागेना. मी पुन्हा पुन्हा डबे मोजले, जणू मोजण्याने एखादा वाढणार होता. नात म्हणाली, "आजी, रिलॅक्स!" मी तिच्यावर अशी ओरडले की ती रडली. अर्ध्या तासाने रंगारी स्वतः आला. "मावशी, डबा बसमध्ये विसरलो होतो." मी त्याच्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या. तरीही सांगितलं नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी मला चांगली म्हणू नये.

मग एका सकाळी बाबू चहा पिताना म्हणाला, "आई, आज मला चार नंबरच्या टाकीत उतरायचंय. आतली जोडकामं तपासायला. दुपार होईल."

"तुला? तू तर बाहेरूनच बघतोस ना?"

"नेहमीचा माणूस सुट्टीवर गेलाय. तू कशाला घाबरतेस? बाहेर आपला तांडेल आहे."

मी गॅस बंद केला. "तांडेलाला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"दोन वर्षं झाली. ठार बहिरा आहे. दोरीवर चालवतोय."

बाबूने कप खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं, की तसं त्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे तू त्या पोरांना जेवायला घालत होतीस," तो हळू म्हणाला. "डबा भरायचीस आणि पाठवायचीस."

मग तो उठला. गॅलरीत जाऊन फोन केला. मी ऐकू येईल इतक्या अंतरावर उभी होते, पण मला काही ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी तांडेलाला टाकीवरून उठवलं. पुन्हा तपासणी केली, या वेळी पाठमोरा बसवून. पंधरा दिवसांत तिकीट हातात. कंपनीने सामानाच्या गोदामातलं काम बघू असं म्हटलं होतं, पण तिथे जागा निघाली नाही. जायच्या आदल्या दिवशी तो डबा परत द्यायला आला. धुऊन, पुसून. आत येऊन त्याने फ्रीजला कान लावला नाही. खुर्चीवर बसला आणि माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "तूच सांगितलंस ना?"

"व्हय. मीच."

"म्हायत हा माका. पण येवढो उशीर कित्या केलंस?"

मला वाटलं, माझं बोलणं त्याला कळलं नाही. मी पुन्हा मोठ्याने सांगू लागले. त्याने हात वर करून थांबवलं. होडीत करायचा तसाच.

"तो प्लग काढलेलो माका दिसलेलो. वायर फ्रीजच्या डोक्यार होती, माझ्या नाकाफुडे. मी बहिरो झालंय वैनी, आंधळो नाय."

मी विचारलं, "मगे तसा कित्या बोललंस?"

"माझ्या तोंडान सांगूक जमला नाय. रापण दिसायची, जाळा दिसायचा. तोंड उघडलंय आणि परत मिटलंय. मगे म्हटलंय, वैनीक कळांदे. सांजपर्यंत अख्ख्या कुवेतभर करतली. माका काढतले, आणि माझ्यार पाप येवचा नाय. रोज सकाळी टाकीर बसान वाट बघितलंय. आज कोण तरी येतलो, आज माका उठयतलो. कोणच इलो नाय."

"तूच म्हणालंस, कोणाक सांगू नको."

"ता मी तुका पन्नास वर्षां सांगतंय. कधी आयकलंस?"

तो हसला. मीही हसायला गेले, पण जमलं नाही. मग त्याचं हसू गेलं. त्याने खालच्या आवाजात विचारलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही, पण तो खरंच खालच्या आवाजात म्हणाला, "सांगूक तुझो झील बाबू आत जावक व्हयो होतो?"

रागाने विचारलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. त्याला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

"व्हय," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. वल्ह्यातून काहीतरी नीट ऐकून झाल्यावर डोलवायचा, तशी. मग उठला, चपला घातल्या आणि गेला. बोटावरचा वळ अजून तसाच होता.

तो आता वाडीत आहे. त्याचा पुतण्या फोनवर सांगतो, पैसे थांबले तरी जाळं एवढ्यात फाटलेलं नाही, दोन पावसाळे निघतील. तांडेल रोज दोरीला हात लावतो आणि हाताचा वाटा घेतो. ओढायला कान लागत नाहीत. कधी कधी दोरी तशीच धरून उभा राहतो, बाकीचे ओढायला लागले तरी याचं लक्ष बोटाकडे.

मी अजून डबे करते. आठ. संध्याकाळी मोजते, आणि आठ भरले तरी पुन्हा एकदा मोजते. त्या तीन आठवड्यांत टाकीत उतरलेले पाचही माझ्या हातचं जेवतात. बाबूने त्यांना काही सांगितलं नाही, मीही नाही. त्यांच्यातला एक परवा म्हणाला, "मावशी, आई विचारत होती तुमच्याबद्दल. म्हणाली, तिकडे कुणीतरी आईसारखं आहे, बरं झालं." फोन लावून देऊ का म्हणाला.

मी म्हटलं, हात खरकटे आहेत.